मदत हवी आहे: डायलिसिसनंतर एन्झाइम मेलं, सोमवारी आकडे द्यायचेत

रानजाई
नमस्कार. तीन दिवस अडकले आहे. मानवी कार्बोनिक अनहायड्रेज २ हे एन्झाइम, हिस टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी) लावलेलं, ई. कोलाय बॅक्टेरियात तयार केलं. निकेल कॉलमवरून उतरलं तेव्हा ॲक्टिव्हिटी झकास होती, प्लेट बघता बघता पिवळी झाली. रात्रभर डायलिसिस केलं (पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून बफर बदलला) आणि आता काहीच नाही. ब्लँक (एन्झाइम नसलेली वेल, म्हणजे प्लेटमधली वाटी) आणि एन्झाइमच्या रेषा एकमेकींवर बसतात. जेलवर एकच बँड आहे, २९ किलोडाल्टनच्या किंचित वर, जिथे हवा तिथेच. दुसरी बॅच केली, तरी तेच. डायलिसिसमध्ये एन्झाइम मरू नये म्हणून काय घालायचं? ग्लिसरॉल? सोमवारी मॅडमना आकडे दाखवायचे आहेत, कृपया लवकर सांगा.

निवांत
ग्लिसरॉल १० टक्के घाला. आमच्याकडे सगळ्याच प्रोटीनला घालतो. कधी तोटा झालेला नाही.

कृष्णाकाठ
एवढ्यावरून काय सांगणार? सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) कोणता, बफर कोणता, पीएच किती, कुठल्या तरंगलांबीला वाचता, आणि मुख्य म्हणजे वेलमध्ये प्रोटीन किती घालता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गारगोटी
झिंक. बाकी काही शोधत बसू नका. हिस्टिडिन ९४, ९६ आणि ११९ यांनी धरलेला झिंकचा एक अणू गेला की हे एन्झाइम नुसता गोळा उरतो. हे झिंकचं एन्झाइम आहे हे केलिन आणि मान यांनी १९४० मध्येच दाखवलंय. मी पीएचडीची दोन वर्षं याच प्रोटीनवर घालवली. इंडक्शनच्या वेळी (बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावताना) फ्लास्कमध्ये झिंक सल्फेट घातलं नाही, तर बॅक्टेरिया प्रोटीन भरभरून बनवतो आणि झिंक पुरत नाही. तुम्ही घातलं होतं का?

रानजाई
झिंक नव्हतं घातलं, साधं एलबी माध्यम होतं. सब्स्ट्रेट नेहमीचाच, पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेट (तुटला की पिवळा नायट्रोफिनॉल सुटतो), १ मिलिमोलर. ट्रिस, पीएच ७.५, ४०५ नॅनोमीटरला वाचते. डायलिसिस बफरमध्ये ट्रिस, मीठ, ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं) १ मिलिमोलर, अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून) ०.०२ टक्के. आमच्या लॅबमध्ये सगळेच हा बफर वापरतात.

गारगोटी
ईडीटीए! बघा, इथेच घोटाळा आहे. धातूच्या एन्झाइमला ईडीटीएमध्ये रात्रभर ठेवलंत तर धातू राहील कसा?

जुना_प्रोटीनवाला
गारगोटी, इथे सहमत नाही. या एन्झाइमचं झिंक खोल खळग्यात घट्ट बसलेलं असतं. ईडीटीए ते फार सावकाश काढतं. मुद्दाम झिंक काढायचं असेल तेव्हा आम्ही डायपिकोलिनिक आम्ल वापरायचो, ते पटकन काढतं. एका रात्रीच्या १ मिलिमोलर ईडीटीएने पूर्ण शून्य होणार नाही. मला अझाइड जास्त खटकतंय. ०.०२ टक्के म्हणजे साधारण ३ मिलिमोलर, आणि ऋणभारित अझाइड थेट झिंकवर जाऊन बसतं. याला अडवणाऱ्यांत त्याचं नाव जुनंच आहे.

कृष्णाकाठ
पण ते बसणं सुटणारं आहे ना? वेलमध्ये शंभरपट पातळ झालं की अझाइड ०.०३ मिलिमोलर उरलं. त्याने काय अडणार? आणि रानजाई, वेलमध्ये प्रोटीन किती, हे अजून सांगितलेलं नाही.

पाणिनी_नव्हे_प्रोटीन
इन्क्लूजन बॉडी (प्रोटीनचे न विरघळलेले गोळे) असतील तर ८ मोलर युरियात विरघळवा आणि टप्प्याटप्प्याने युरिया कमी करत न्या. शेवटच्या टप्प्यात झिंक घाला. सविस्तर पद्धत हवी असेल तर लिहून देतो.

कृष्णाकाठ
त्यांचं प्रोटीन विरघळलेलंच आहे हो. थेट कॉलमवरून उतरलंय.

शाळामास्तर
मी या क्षेत्रातला नाही, पण धागा वाचतोय. मानवी एन्झाइम म्हणजे माणसाच्या रक्तातून काढता का?

जुना_प्रोटीनवाला
नाही मास्तर. माणसाच्या जनुकाची प्रत बॅक्टेरियात घालतात आणि तोच प्रोटीन बनवतो. पूर्वी मात्र लाल रक्तपेशींमधूनच काढत. गाईच्या रक्तपेशींतलं आजही विकत मिळतं, मानवीच्या मानाने स्वस्त. रानजाई, ते आणून शेजारच्या वेलमध्ये लावा. सब्स्ट्रेट बिघडलंय की प्रोटीन, हे दहा मिनिटांत कळेल.

हिमकण
एस्टर (तुमचा सब्स्ट्रेट) फोडणं हे या एन्झाइमचं खरं काम नाहीच. खरं काम कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणं. बर्फात ठेवलेला बफर, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घ्या, निळ्याचं पिवळं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. विल्बर आणि अँडरसनची १९४८ ची पद्धत. प्लेट रीडरचीही गरज नाही.

रानजाई
हिमकण, त्यासाठी सगळी मांडणी बदलावी लागेल, तेवढा वेळ नाही. कृष्णाकाठ, प्रोटीन २ नॅनोमोलर घालते. हे जगातल्या सर्वात वेगवान एन्झाइमांपैकी एक आहे, एक रेणू सेकंदाला दहा लाख रेणू उरकतो, म्हणून कमीच घेतलं. कॉलमवरून उतरलेल्या भागाचे मात्र सरळ ५ मायक्रोलिटर घातले होते, २०० च्या वेलमध्ये.

टोरांटोकर
रानजाई, दहा लाखांचा आकडा कार्बन डायऑक्साइडसाठी आहे. तुमच्या एस्टरसाठी हे एन्झाइम मंद आहे, कार्यक्षमता साधारण २५०० प्रति मोलर प्रति सेकंद. मांडून बघा. २ नॅनोमोलर एन्झाइम आणि १ मिलिमोलर सब्स्ट्रेट म्हणजे मिनिटाला ०.३ मायक्रोमोलर रंग. ५ मिनिटांत जेमतेम दीड. सब्स्ट्रेट आपोआप तुटून ब्लँकमध्ये जो रंग येतो, त्यात हा दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॉलमवरून कशाने उतरवलंत? २५० मिलिमोलर इमिडॅझोल (निकेलवरून प्रोटीन सोडवणारं) असेल तर ५ मायक्रोलिटरमधून वेलमध्ये ६ मिलिमोलर गेलं. इमिडॅझोल एकटंच, कुठल्याही प्रोटीनशिवाय, पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेट तोडतं. त्या पिवळ्या रंगातला मोठा वाटा त्याचा असणार. डायलिसिसने इमिडॅझोल काढलं, त्याच वेळी तुम्ही प्रोटीन पातळ केलंत, म्हणून एन्झाइम मेल्यासारखं दिसतंय.

आता तीन वेल लावा: फक्त एल्युशन बफर (कॉलमवरून उतरवायचा), प्रोटीन नाही; डायलिसिस झालेलं प्रोटीन ०.५ मायक्रोमोलर; आणि तेच प्रोटीन अधिक १० मायक्रोमोलर ॲसिटाझोलामाइड (हे एन्झाइम अडवणारं औषध). तिसऱ्यात रंग थांबला तरच दुसऱ्यातला रंग एन्झाइमचा.

डोंगरवाट
अवांतर: ॲसिटाझोलामाइड म्हणजे लेहला जाताना घेतात तीच गोळी ना? जूनमध्ये आमचा बारा जणांचा ग्रुप निघालाय. किती घ्यायची?

हिमकण
तीच. मूत्रपिंडातलं हेच एन्झाइम अडवलं की बायकार्बोनेट लघवीवाटे जास्त जातं, रक्त थोडं आम्लधर्मी होतं आणि श्वास वाढतो. पण गोळी सल्फोनामाइड गटातली आहे, त्या गटाच्या औषधाची कुणाला ॲलर्जी असेल तर जपायला हवं. प्रमाण डॉक्टरांनाच विचारा, इथे कुणी सांगू नये.

गारगोटी
गणित मान्य आहे. तरी झिंकचं म्हणणं मी सोडत नाही. प्रोटीनचे दोन भाग करा आणि एकाला झिंक सल्फेट द्या. ट्रिसमध्येच द्या, फॉस्फेटमध्ये दिलंत तर झिंक खाली बसेल. आणि आधी ईडीटीए काढा, नाहीतर दिलेलं झिंक तोच खाईल.

रानजाई
आत्ता लॅबमधून लिहितेय. नुसता एल्युशन बफर, प्रोटीनचा थेंबही नाही, आणि वेल पिवळी झाली. दोन्ही बॅचमध्ये मी तोच रंग मोजत होते. ०.५ मायक्रोमोलरला सुंदर सरळ रेषा आली, आणि ॲसिटाझोलामाइड घातल्यावर ती ब्लँकला जाऊन टेकली. तीनदा केलं, तीनदा तेच. एन्झाइम जिवंत आहे! टोरांटोकर, तुमच्याकडे पहाट असेल, तरी एवढं सविस्तर लिहिलंत. मनापासून आभार.

गारगोटीदादा, तुमचंही केलं. ईडीटीए नसलेल्या ट्रिसमध्ये डायलिसिस बदललं आणि अर्ध्या भागाला झिंक दिलं. त्याचा वेग साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढला. म्हणजे काही रेणू झिंकविना होतेच.

गारगोटी
पुढच्या बॅचला फ्लास्कमध्येच घाला. हा तिसरा हिस्सा मग आधीच हातात असेल.

टोरांटोकर
छान. आता ३४८ लाही वाचून बघा. नायट्रोफिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे रेणू दोन रूपांत निम्मे-निम्मे असतात) ७.१ च्या आसपास आहे, त्यामुळे पीएच थोडा सरकला तरी ४०५ चा आकडा बदलतो. ३४८ ला त्याची दोन्ही रूपं सारखीच दिसतात.

निवांत
ग्लिसरॉल घातलं का?

रानजाई
साठवणीच्या नळ्यांत घातलंय, १० टक्के. एल्युशनच्या भागाचे जुने आकडे मॅडमच्या तक्त्यातून काढून टाकले. वहीत ठेवलेत, शेजारी कारण लिहून.