मदत हवी आहे: कुपवाडला सीएनसी ऑपरेटर टिकत नाहीत, नेमकं काय चुकतंय?

शेडवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), दोन व्हीएमसी (तशीच उभ्या मिलिंगची मशीन), माणसं 14. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. वडिलांनी 1994 साली एका लेथवर सुरुवात केली, तेव्हा शेडच्या दारात पोरं 'काय पण काम द्या' म्हणत उभी असायची.

गेल्या दिवाळीपासून आठ ऑपरेटर आले, सहा गेले. एक तर जेवायच्या सुट्टीत बाहेर पडला तो आलाच नाही, त्याचा डबा अजून शेडमध्ये आहे. मुलाखतीला दहा जणांना बोलावलं तर चार येतात, आणि ते चार माझीच मुलाखत घेतात. रविवारी सुट्टी का? नाइट किती? पीएफ आहे का? पगारपत्रक मिळेल का? एकाने फोनवर मशीनचा कंट्रोल (त्यातला संगणक) फानुकचा की सीमेन्सचा एवढंच विचारलं आणि 'कळवतो' म्हणाला.

पगार 15 वरून 17 हजार केला, काही फरक नाही. जाहिरात नेहमीचीच: 'अनुभवी सीएनसी ऑपरेटर पाहिजेत. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.'

पोरांना हवंय काय, आणि माझ्यासारख्याला झेपेल असं काय करता येईल? 'आजकालची पिढी' हे प्रवचन नको, ते मी घरी रोज देतो.

ऑफसेट_तासगाव

काका, राग मानू नका, मी त्याच पोरांपैकी आहे. 'योग्यतेनुसार' वाचलं की आम्ही पुढची जाहिरात बघतो. तासगावहून यायचं म्हणजे पेट्रोल आणि दिवसाचा खाडा, आणि आल्यावर कळणार की 12 हजार. आकडा लिहायला काय जातं?

मी दीड वर्ष चाकणला होतो. ठेकेदाराकडून 21 हजार हातात यायचे. खोलीत पाच जण, भाडं आणि मेस मिळून सात हजार जायचे. म्हणजे तुमचे 17 घरी राहून जास्तच होतात. मग पोरं का जातात? खरं सांगू? लग्नासाठी. मुलीकडचे आधी विचारतात पुण्यात आहे का, मग विचारतात पगार खात्यावर येतो का. रोख पगाराला कोण नोकरी धरत नाही. गाडीच्या कर्जालाही बँक तेच मागते. तुम्ही पगार पाकिटात देता का हो?

दुसरं म्हणजे शिकणं. कुपवाडला आधी जिथे होतो तिथे दोन वर्षं जॉब (मशीनिंगचा भाग) लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच. ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) द्यायला गेलो की सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, हात झटकायचा. कंट्रोल विचारणारा पोरगा आगाऊ नसतो. पुढच्या नोकरीत काय सांगता येईल ते तो बघतोय.

जुनाखेळाडू_सातारा

यांना पगार पुण्याचा पाहिजे आणि काम गावाकडचं. निम्मी पोरं पहाटे भरतीचं ग्राउंड मारून येतात आणि मशीनवर पेंगतात. कितीही करा, पोलीस भरती निघाली की गायब. मी परप्रांतीय पोरं ठेवली, प्रश्न मिटला.

ऑफसेट_तासगाव

ती पण छठला गेली की महिनाभर येत नाहीत की, काका.

शेडवाला_कुपवाड

तासगावकर, पगार पाकिटातच देतो. पोरांनीच रोख मागितला होता, शिवाय मधेमधे उचल असतेच. तारीखही नक्की नसते. फाउंड्रीचं बिल आलं की पगार, कधी 9, कधी 14. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे, कापतोही. पीएफ नाही, कारण 20 च्या खाली सक्ती नाही.

आणि ऑक्टोबर छाटणीला व पुढे द्राक्षं काढायला तुमच्याकडची पोरं आठ-आठ दिवस न सांगता जातात, त्याचं काय करू?

ऑफसेट_तासगाव

न सांगता जातात कारण सांगितलं तर नाही म्हणता. छाटणी अचानक येत नाही. सप्टेंबरातच प्रत्येकाला तारखा विचारा आणि आळीपाळीने सोडा.

हिशोबनीस_मिरज

मी लहान कारखान्यांचं पगाराचं काम बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शेडवाले दादा, ईएसआय कापता हे जाहिरातीत का नाही? 21 हजारांपर्यंतच्या पगाराला कामगाराचे 0.75 टक्के जातात, तुमचे 3.25, आणि त्यात त्याच्या आईवडिलांचा दवाखानाही येऊ शकतो. माझ्या अनुभवात निम्म्या पोरांना ते कार्ड कशासाठी असतं तेच माहीत नसतं. पैसे कापल्याचं तेवढं कळतं.

पीएफ 20 च्या खाली सक्तीचा नाही हे बरोबर, पण मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने घेता येतो. मूळ पगार अधिक महागाई भत्ता 15 हजार धरला तर 20 च्या खालच्या दराने कामगाराचे 10 टक्के म्हणजे 1,500 कापले जातील. तुमचा वाटा इतर आकारांसह 11 टक्के, म्हणजे माणशी 1,650. चौदा जणांचे महिन्याला 23,100. आता मागच्या सहा पोरांच्या शिकाऊपणात किती कास्टिंग रिजेक्ट झाली, किती इन्सर्ट (कापायच्या हत्याराची टोकं) तुटले आणि सेटरचे किती दिवस गेले ते मांडा, मग ठरवा. कुणाला परवडतं, कुणाला नाही. पण 'हातात किती, कापून किती' हे पोराला पहिल्याच दिवशी कागदावर दाखवा. नाहीतर 1,500 कमी आले की तो दुसऱ्या महिन्यात जाईल.

पगाराच्या तारखेबाबत मात्र बोलते. बिल येवो न येवो, पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, हा कायदाच आहे. आणि पोराचा हप्ता 10 ला असतो.

निदेशक_आयटीआय

शिकाऊ उमेदवार का घेत नाही? 30 माणसांपासून सक्ती आहे, पण 4 ते 29 वाल्यांनाही घेता येतात. तुमच्या 14 ला दोन बसतील. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचे 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उमेदवाराच्या खात्यावर भरतं.

एक विनंती, त्याला पहिले सहा महिने झाडू आणि चहा यातच ठेवू नका. आमची पोरं एकमेकांना सांगतात. कुठल्या शेडमध्ये शिकवतात आणि कुठे राबवतात, याची यादी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्यापेक्षा पक्की असते.

शेडवाला_कुपवाड

तीन आठवड्यांनी लिहितोय. पीएफचा हिशोब मांडला, या वर्षी झेपणार नाही. बाकी केलं. सगळ्यांची खाती उघडली, पगार 7 ला, बिल थकलं तर मी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (कर्ज खात्यातून) उचलणार. बायको म्हणाली, हे दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर तिचा फोन तरी कमी वाजला असता. (उचल मागायला पोरं तिलाच फोन करतात.)

नवी जाहिरात अशी दिली:

'सीएनसी ऑपरेटर, 2 जागा. आयटीआय. हातात 17,000, ओव्हरटाइम वेगळा. पगार 7 तारखेला खात्यावर, पगारपत्रक मिळेल. ईएसआय आहे, पीएफ सध्या नाही. रविवार सुट्टी. नाइट महिन्यात एक आठवडा. फानुक कंट्रोल. सहा महिन्यांनी सेटिंग शिकवू. आधी फोनवर बोला.'

पाच दिवसांत 19 फोन. सहा जणांना बोलावलं, पाच आले. दोघं लागले. एकाच्या वडिलांनी मला वेगळा फोन करून पगारपत्रकाचं खरं ना, हे विचारून घेतलं.

आता नवीच अडचण. माझा सेटर 11 वर्षं माझ्याकडे आहे, त्याला 21 हजार. त्याने जाहिरात वाचली. काही बोलला नाही, फक्त नव्या पोरांना शिकवताना ड्रॉइंग त्यांच्यापुढे टाकतो आणि निघून जातो. कुणी यातून गेलं आहे का?

हिशोबनीस_मिरज

जाहिरात छापण्याआधी त्याच्याशी बोलायला हवं होतं, दादा. नवखा 17 आणि 11 वर्षांचा माणूस 21, तो त्या चार हजारांकडेच बघतोय. शिकवणं हे त्याचं काम म्हणून धरा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. पोरगा स्वतः सेटिंग करायला लागला की सेटरला ठरलेली रक्कम, आणि तीही पगारपत्रकावर.

जुनाखेळाडू_सातारा

आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर नको. त्याच्या घरी जा.

शेडवाला_कुपवाड

रविवारी जातो. जेवायच्या सुट्टीत गेलेल्या त्या पोराचा डबाही नेतो, आतून नाव कोरलंय. तो पोरगा बुधगावचा, वाटेतच आहे.