लाल रंग जातो कुठे?
पाण्याखालचे फोटो निळेच का येतात? तर पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, 10 मीटरच्या खाली लाल मासासुद्धा राखाडीच दिसतो, स्ट्रोब (म्हणजे कॅमेऱ्याचा जोरदार फ्लॅश) मारला की मग खरा रंग उजळतो. आणि पाण्याखालच्या फोटोंचं वेड म्हणाल तर अमेरिकन फोटोग्राफर डेव्हिड डुबिले!! 12 वर्षांचा असताना न्यू जर्सीच्या समुद्रात ब्राउनी हॉकआय कॅमेरा, भूल देणारे डॉक्टर वापरतात त्या रबरी पिशवीत घालून उतरला, आणि पुढे आयुष्यभर तेच केलं. फिल्मच्या काळात रोलला 36 फोटो, पाण्यात रोल बदलता येत नाही, म्हणून एकदम बरेच कॅमेरे घेऊन जायचा. त्याचे अर्धे पाण्याखाली अर्धे वर असे फोटो बघाच, खाली प्रवाळ, वर ढग, मी तासन्‌तास बघत बसतो.