'प्लेसमेंट'ला गावात काय म्हणायचं?

कातळावरची
एका समुपदेशन पदविकेच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. वर्ग रत्नागिरीत भरतात. विद्यार्थिनी बहुतेक लांजा, संगमेश्वर, राजापूरकडच्या, घर सांभाळून शिकणाऱ्या. बाकी सगळं पार पडलं, 'प्लेसमेंट'पाशी घोडं अडलंय. म्हणजे असं की, आठवड्यातले ठरलेले दिवस एखाद्या शाळेत, दवाखान्यात नाहीतर संस्थेत जायचं आणि तिथल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांबरोबर काम करायचं. पगार नाही. एसटीचं भाडंही पदरचं.

आधी 'नेमणूक' लिहिलं. ते पत्र घेऊन एक जण ग्रामपंचायतीत गेली, तर तिथे विचारलं, "आदेश कुठाय? आधीच्या मॅडमची बदली झाली का?" मग सरळ 'प्लेसमेंट'च ठेवलं. तर दुसरीच्या सासूबाईंनी वाडीभर साखर वाटली, सुनेला नोकरी लागली म्हणून! आता ती सून तोंड लपवून एसटीला जाते.

एकच शब्द हवाय. छपाई पुढच्या आठवड्यात.

वहिवाट
शब्द तयार आहे, 'क्षेत्रकार्य'. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षे चालतो. व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य, समुदाय संघटन आणि क्षेत्रकार्य. नव्याने डोकेफोड कशाला?

रातांबा
हा शब्द मी दोन वर्षं फक्त उत्तरपत्रिकेत लिहिला. आमच्यात "उद्या फिल्ड आहे", "फिल्ड झालं की रेकॉर्डिंग लिहा" असंच चालायचं. (हे रेकॉर्डिंग म्हणजे भेटीतलं सगळं बोलणं आठवून वहीत उतरवायचं. माझ्या बाबांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, टेप संस्था देते की आपण घ्यायचा?)

तोंडाने 'क्षेत्रकार्य' एकदाच म्हटलं, गुहागरकडच्या एका कोंडावर. एका आजोबांना सांगितलं, "आम्ही क्षेत्रकार्यासाठी आलोय." ते "बसा" म्हणून आत गेले आणि सातबारा, आठ-अ, जुनी दस्तं असं गाठोडंच घेऊन आले. "बघा, क्षेत्र दोन गुंठे कमी लागलंय." आम्ही भूमी अभिलेखच्या नाही हे पटवण्यात अर्धा तास गेला. पण त्या दोन गुंठ्यांवरून दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत आणि थोरली सून माहेरी जाऊन बसलीय, हेही त्याच बैठकीत कळलं. तिच्या मुलाच्या गैरहजेरीसाठी तर शाळेने आम्हाला पाठवलं होतं. दोन महिने नुसतं "नातू का येत नाही" विचारत बसलो असतो तरी हे कोणी सांगितलं नसतं.

तरीही पुस्तिकेत 'क्षेत्रकार्य' नको. दर वेळी सातबारा कोण वाचणार!

मालवणी खाजा
आमच्याकडे क्षेत्र म्हटला की श्रीक्षेत्र. क्षेत्रकार्याक इलंय म्हणून सांगितलास तर इचारतीत, लघुरुद्र असा की सत्यनारायण? जेवान किती माणसांचा?

(ह.घ्या.)

सड्यावरून
इतका जुना, भारदस्त शब्द कोणाला सुचला नाही याचं नवल वाटतं. उमेदवारी. माझे आजोबा राजापुरात एका वकिलाकडे तीन वर्षं उमेदवारी करत होते. बिनपगारी, कागद नकलायचे, कोर्टात मागे उभं राहायचं, ऐकायचं. कातळावरचींनी दिलेला अर्थ जसाच्या तसा यात बसतो. सरकारही १९६१च्या अप्रेंटिस कायद्याला धरून 'शिकाऊ उमेदवार' म्हणतं. एसटीच्या जाहिराती बघा.

जुना तांडेल
शब्द छान. उमेदीचे वार, म्हणजे उमेदीचे दिवस, त्यावरून उमेदवार. पण आता गावात उमेदवार म्हटलं की झेडपी नाहीतर सरपंच. तुमची विद्यार्थिनी "मी उमेदवारीसाठी आलेय" म्हणाली तर आधी विचारतील, कोणत्या पक्षातून?

वहिवाट
तांडेलकाका, 'वार'चा सोमवार-मंगळवाराशी काही संबंध नाही. तो फारसी प्रत्यय आहे. उमेदही फारसी. आशा धरून असलेला तो उमेदवार. म्हणजे नोकरी मिळेल या आशेवर फुकट राबणारा. एकूण शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या सड्यावरून यांनी फारसी शब्द सुचवला याची नोंद व्हावी.

सड्यावरून
मी फारसीविरोधी कधी होतो? माझा आक्षेप आळसाला आहे. इंग्रजी शब्द उचलायचा आणि 'रूढ झालाय' म्हणायचं. ज्या रत्नागिरीत बसून या बाई पुस्तिका करतायत तिथेच सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. 'महापौर', 'दिनांक' तेव्हा लोकांना हसू आणणारेच शब्द होते. आज कोणी हसतं का? शिवाजी महाराजांनी तर राज्यव्यवहारकोश करवून घेतला.

रातांबा
कोशात पेशव्याचा 'पंतप्रधान' झाला, पुढे पुण्यात गाजले ते पेशवेच. लोक कोणता शब्द उचलतील ते कोशाच्या हातात नसतं हो.

आणि सावरकरांचं निघालंच आहे म्हणून. ते १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते ते स्थानबद्ध म्हणून. 'इंटर्न' म्हणजे शिकाऊ डॉक्टर आणि 'इंटर्न' करणं म्हणजे स्थानबद्ध करणं, इंग्रजीत दोन्हीला तोच शब्द. 'प्लेस' म्हणजेही स्थान. म्हणजे प्लेसमेंटला नेमका प्रतिशब्द 'स्थानबद्धता'! माझ्या दुसऱ्या वर्षाच्या ब्लॉक फिल्डवर्कला तर अगदी चपखल. एक महिना, एक गाव, आणि संध्याकाळची पाचची एसटी चुकली की संपलं.

वहिवाट
+१. डॉक्टरांची 'आंतरवासिता' म्हणूनच मला कधी आवडली नाही. बी.एड.वाल्यांनीही तीच घेतली. त्यांचा आधीचा 'छात्रसेवाकाल' कितीतरी बरा होता.

फणसाची आठळी
मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्याआधी दोन वर्षं विद्यार्थिनी म्हणून हेच केलं. सगळा धागा वाचला. शब्द शिकणारीला शोभेल का आणि संस्थेला चालेल का एवढंच बघणं चाललंय. समोर जो बसतो त्याला तो शब्द ऐकून काय वाटेल?

आमच्या पत्रावर 'प्रात्यक्षिकासाठी' असं होतं. कुडाळकडच्या एका आईने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या झिलावर प्रात्यक्षिक करूक इलात?" मला उत्तर देता आलं नाही. प्रात्यक्षिक म्हणजे बारावीला बेडूक कापायचा तो तास, किंवा मिक्सर विकायला येतात ते. 'सराव' त्याहून वाईट. कोणाच्या दुःखावर सराव? 'कार्यानुभव'ही नको, शाळेत त्या तासाला आम्ही क्रेपच्या कागदाची फुलं करायचो.

आणि तरीही लपवायचं नाही. मी शिकतेय हे समोरच्याला पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे, नको म्हणायची मुभा त्याला हवी. 'शिकाऊ समुपदेशक' प्रामाणिक आहे, पण ऐकणाऱ्याला लाल 'एल' लावलेली गाडी दिसते. शेवटी मी नाम सोडूनच दिलं. सांगायचे, "मी हे शिकतेय. माझ्या मॅडम दर आठवड्याला माझं काम तपासतात. तुम्ही सांगाल ते त्यांच्याशी बोलेन, गावात नाही. आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र गप्प बसणार नाही." चार वाक्यं. एवढ्यावर एकच आई उठून गेली. बाकीच्या थांबल्या.

कातळावरची
आठळीताई, ही चार वाक्यं पुस्तिकेत घेऊ का? पण प्रकरणाला नाव लागेलच. 'प्रकरण चौथे: मी हे शिकतेय' कसं वाटेल?

जुना तांडेल
माझं बोलू का? पोरगा नौकेवर चढला की पहिली दोन वर्षं भांडी घासतो, बर्फ फोडतो, जाळ्यातला कचरा काढतो. त्याला कोणी प्लेसमेंट म्हणत नाही. "कोणाच्या हाताखाली आहे?" एवढंच विचारतात. सुताराच्या हाताखाली, मिस्त्रीच्या हाताखाली. तांडेलाचं नाव सांगितलं की पोराची पारख झाली. तुमच्या बाईंनीही तेच सांगितलं, मॅडम काम बघतात म्हणून.

वहिवाट
म्हणजे पुस्तिकेत 'हाताखालचे तास' असा रकाना करायचा?

रातांबा
का नको? 'पर्यवेक्षित क्षेत्रकार्य तासिका' पेक्षा तरी कळेल.

तांडेलकाकांचं मला पटलं. १९३६ मध्ये नागपाड्याला दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा इन्स्टिट्यूट. ती सुरूच झाली ती वस्तीतल्या एका सेवाकेंद्रात. दार उघडलं की फिल्ड. तिथून पुढे सगळ्या समाजकार्य महाविद्यालयांत एक गोष्ट टिकली, दर आठवड्याला पर्यवेक्षकासमोर एकटीने बसायचं. आम्ही त्याला 'आयसी' म्हणायचो, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. माझ्या मॅडमने एकदा माझं सहा पानी रेकॉर्डिंग वाचलं आणि एकच प्रश्न केला, "यात तू किती वेळा 'पण' म्हणालीस ते मोज." सतरा. ते हाताखाली असणंच होतं.

अवांतर: आपल्याकडे सगळ्यात छान नाव कृषीवाल्यांनी काढलं. दापोलीच्या विद्यापीठाची मुलं गावात राहायला येतात, मुली 'कृषिकन्या', मुलगे 'कृषिदूत'. कोण, कुठल्या, कशाला आलात, काही विचारावं लागत नाही. आम्ही मात्र प्रत्येक दारात नव्याने सुरुवात.

मालवणी खाजा
मगे तुमी समाजकन्या.

फणसाची आठळी
कृपा करून नको. आणि मुलगे दूत, मुली कन्या, हे काय? मुलगे कोणाचे पुत्र नाहीत वाटतं?

सड्यावरून
कृषिकन्या हा उत्तम मराठी शब्द आहे. त्यातही वाद?

वहिवाट
आठळीताईंच्या 'समुपदेशन'वरही बोलू या एकदा. समोरच्याला उपदेश करायचा नाही असं पहिल्या तासाला शिकवतात आणि शब्दाच्या पोटातच उपदेश. त्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांनाही हल्ली कौन्सिलिंग म्हणतात. माझ्या भाच्याचं 'कौन्सिलिंग' आहे कळल्यावर आमच्या मावशी रडायलाच लागल्या.

मालवणी खाजा
आमच्या गावात ह्या सगळ्याक जुनो शब्द असा, गाऱ्हाणा. तुमच्या देशावर गाऱ्हाणा म्हणजे तक्रार. आमच्याकडे माणूस देवळात जाऊन उभो ऱ्हवता, मानकरी त्येच्या वतीन देवाक सांगता, "बा देवा महाराजा, ह्या लेकराक काय वाकडानाकडा असात ता दूर कर", आणि मागसून सगळे "व्हय महाराजा". जेच्यावर संकट तेका स्वतः तोंड उघडूक लागणा नाय. तुमच्या कौन्सिलिंगात तर तेकाच बोलूक लावतास.

फणसाची आठळी
खाजाभाऊ, हे शेवटचं खरंच डोक्यात बसलं. माझ्याकडे येणारी अर्धी माणसं सोबत कोणाला तरी आणतात आणि तोच बोलतो. मी त्याला बाहेर बसवायचे. पुढच्या वेळी थोडं थांबून बघेन.

जुना तांडेल
शब्द राहू द्या बाजूला. पुस्तिकेत तारखा काय टाकल्यात? मुली मिरकरवाड्यात येणार असतील तर १ जून ते ३१ जुलै या. मासेमारी बंद असते, बाप्ये घरात, दारूही घरात, भांडणंही घरात. ऑक्टोबरात आलात तर बोलायला फक्त म्हाताऱ्या भेटतील.

रातांबा
बागांसाठी उलटं. आंब्याच्या हंगामात नेपाळी कुटुंबं इथे असतात, पाऊस लागला की बऱ्याच जणांचं बिऱ्हाड हलतं. त्यांच्या मुलांसाठी काम करायचं तर फेब्रुवारी ते मे. नेमक्या तेव्हा परीक्षा आणि सुट्टी. आम्हाला जुलैत पाठवलं होतं, रिकाम्या खोपट्यांना भेटी देऊन आलो. रेकॉर्डिंग मात्र लिहायलाच लागलं.

फणसाची आठळी
आणि गणपतीत सुट्टी देऊ नका. चाकरमानी येतात, वर्षभर साठलेलं सगळं त्या दहा दिवसांत बाहेर पडतं. वाटणी, आईला कोण सांभाळणार, मुलाचं लग्न. मखराच्या मागे बसून मी जेवढं ऐकलंय तेवढं कक्षात नाही.

सड्यावरून
चाकरमानी म्हणू नये. चाकर हा शब्द अपमानास्पद आहे. २०२५च्या गणपतीआधी सरकारनेही 'कोकणवासीय' म्हणायला सांगितलं.

मालवणी खाजा
माझो बापूस चाळीस वर्षां गिरणीत होतो. तेका कोकणवासीय म्हटला असता तर मागे वळून बघितल्यान नसता. चाकरमानी म्हटला की छाती फुगायची.

वहिवाट
शिवाय कोकणवासीय तर गावात राहतो तोही. मुंबईहून आला आणि इथेच होता, हा फरकच पुसला गेला. चाकर फारसी, हे सड्यावरून यांना सांगायला नको.

सड्यावरून
व्युत्पत्ती आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मानी' हा मानावरून आलेला आहे हे तरी मान्य कराल?

जुना तांडेल
मानी कसला मान, तो 'माणूस'चा 'मानू'. चाकरीचा माणूस.

वहिवाट
काका, पुन्हा उमेदीचे वार?

कातळावरची
मंडळी, छपाई उद्या आहे. मुखपृष्ठावर 'फिल्डवर्क' टाकलं, विद्यापीठाच्या फॉर्मवर 'क्षेत्रकार्य' राहू दिलं, ग्रामपंचायतीच्या पत्रात आठळीताईंची चार वाक्यं घातली. तारखांचं पान मात्र परत मागवलंय, ते अख्खं बदलावं लागणार. 'हाताखालचे तास' कोऑर्डिनेटर मॅडमनी लाल पेनने खोडले.

सड्यावरून
फिल्डवर्क! इतकी चर्चा करून!

मालवणी खाजा
ता सगळा ऱ्हवांदे. सुरुवातीक एसटीचा भाडा पदरचा म्हटलास, तेचा काय झाला?

वहिवाट
बायकांना अर्धं तिकीट आहे ना आता.

मालवणी खाजा
अर्धा झाला तरी पदरचाच.