मदत हवी आहे: डायलिसिसवरील रुग्णाच्या यकृतातील लोह एमआरआयने मोजण्याबाबत (नागपूर)

नमस्कार. माझ्या वडिलांचे डायलिसिस धंतोलीत सुरू असून त्यांना शिरेतून लोहाची इंजेक्शने दिली जातात. ताज्या अहवालात फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन) १२०० च्या वर, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) जेमतेम १८ टक्के, म्हणजे कमी आहे. फेरिटिन शरीरातील दाहामुळेही (सूज, जंतुसंसर्ग वगैरेंमुळे) वाढते, त्यामुळे लोह खरोखर साठले आहे का, हे त्यावरून ठरत नाही, आणि याचीच मला फार काळजी लागली आहे. एमआरआयच्या टी-टू-स्टार पद्धतीने यकृतातील लोह सुई न टोचता आणि गॅडोलिनियम (एमआरआयचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) न देता मोजता येते. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना गॅडोलिनियम धोक्याचे ठरू शकते, म्हणून त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. वारंवार रक्त दिल्यामुळे लोह साठू शकते असे सिकलसेल, थॅलेसेमियाचे (रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे) रुग्ण विदर्भात बरेच असल्याने ही तपासणी नागपुरात होत असावी. ती कुठे होते, खर्च किती येतो, आणि इंजेक्शनानंतर किती दिवस थांबून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.