इंग्रजी वाचन सुधारायला नेमकं काय करावं? (अनुभव धागा)

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना इंग्रजी वाचता येतं, पण पान संपेपर्यंत अर्थ हातातून निसटतो. शिकवणाऱ्यांनी उपाय सविस्तर लिहावेत. ‘रोज पेपर वाचा’ एवढंच नको.

शाळेत इंग्रजी शिकवणारी
आधी पुस्तक तपासा. मधलं एखादं पान उघडा, साधारण 250 शब्दांचं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्या. पाचेक टिंबं पडली तर पुस्तक आपल्या पातळीचं आहे, म्हणजे 98 टक्के शब्द ओळखीचे आहेत आणि उरलेल्यांचा अंदाज संदर्भावरून लागतो. पंधरा पडली तर ते सध्या बाजूला ठेवा. दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागली की वाक्याची सुरुवातच विसरायला होते. मोठ्यांसाठी 400, 700, 1000 अशा ठरावीक वेगवेगळ्या शब्दांतच, टप्प्याटप्प्याने लिहिलेली पुस्तकं मिळतात, ती जरूर घ्या. मुलांसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट फुकट आहे. तिथे चार पातळ्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. आधी मराठी वाचून घ्यावी, मग तीच इंग्रजीत.

स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणारा
शब्द येतात आणि तरी वाक्य लागत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त. हे वाक्य बघा: ‘द मॅन हू सोल्ड द हाउस टु माय ब्रदर लेफ्ट फॉर पुणे.’ घाईत वाचणाऱ्याला भाऊ पुण्याला गेला असं वाटतं, कारण ‘ब्रदर’ आणि ‘लेफ्ट’ शेजारी आहेत. गेला तो घर विकणारा. मराठीत ‘ज्याने... तो’ अशी जोडी असते आणि क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये अख्खं उपवाक्य घुसतं. म्हणून पेन्सिलीने तिरक्या रेघा मारा: द मॅन / हू सोल्ड द हाउस / टु माय ब्रदर / लेफ्ट फॉर पुणे. ‘हू’पासून ‘ब्रदर’पर्यंत कंस करा, बाहेर उरतं ते मुख्य वाक्य. रोज एकच परिच्छेद असा फोडा. पुढे रेघांची गरज राहत नाही.

भाषांतरकार
पेपरबद्दल थोडं. सुरुवात हेडलाइनपासून करू नका, तिथलं व्याकरण वेगळंच असतं. ‘इज’, ‘द’ गाळतात, घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात देतात, आणि ‘पीएम टु व्हिजिट पुणे’ म्हणजे ते येणार आहेत. मराठी पेपरात वाचलेली बातमी इंग्रजीत शोधा. माहिती आधीच असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे राहतं.

शाळेत इंग्रजी शिकवणारी
मोठ्याने वाचण्याबद्दल विचारणा झाली म्हणून लिहिते. नवा उतारा आधी मनात वाचा, अर्थ लागल्यावर मोठ्याने. उलट केलं तर सगळं लक्ष उच्चारात जातं आणि परिच्छेदात काय होतं ते सांगता येत नाही. वहीत सुटा शब्द उतरवू नका, तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहा.