लिंकनच्या गल्लीतलं जेन्किन्सचं घर पुन्हा उभारावं का?

वाटसरू:
अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला अब्राहम लिंकनचं घर जपून ठेवलंय. १८४४ मध्ये विकत घेतलेलं हे घर १८६१ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघेपर्यंत त्याचं राहतं घर होतं. बाहेरून तपकिरी रंग, हिरव्या झडपा. जिन्याचा कठडा त्या काळचाच, त्याला हात लावू देतात. आजूबाजूचे चार ब्लॉकही राखलेत, फळ्यांचे पदपथ आहेत, शेजाऱ्यांची घरं डागडुजी करून उभी आहेत.

त्याच आठव्या रस्त्यावर दक्षिणेला थोडं चाललं की मात्र एक मोकळी जागा लागते आणि तिथे एक फलक. इथे जेमसन जेन्किन्स राहायचा. कृष्णवर्णीय, घोडागाडीतून माल वाहणारा. १८५० साली पळून आलेल्या गुलामांना शहरातून पुढे निसटायला त्याने मदत केली. लिंकन गाव सोडून निघाला तेव्हा, ११ फेब्रुवारी १८६१ ला, त्याला स्टेशनवर सोडणाराही जेन्किन्सच.

माझं स्पष्ट मत, ते घर परत बांधावं. रंगवलेली घरं बघत लोक पुढे जातात, फलक वाचायला थांबणारा विरळा. जे उभं दिसतं तेवढेच लिंकनचे शेजारी, असा समज घेऊन माणसं परततात.

जुना_वाडा:
सहमत नाही. पुनर्बांधणीबाबत अमेरिकेच्या सरकारी निकषांत साफ म्हटलंय की पुरेसे कागदोपत्री आणि प्रत्यक्ष पुरावे असतील, अंदाजाला फारसा वाव नसेल, तरच बांधा. खिडक्या कुठे, ओसरी किती लांब, हे मनाने ठरवलं तर तो नाटकाचा सेट झाला. जेन्किन्सच्या नावावर खोटं घर चढवणं हा त्याचा सन्मान नाही.

वाटसरू:
निकष मान्य. पण तो रस्ता आपोआप १८६० मध्ये थांबलाय असं समजू नका. नंतरच्या काळातल्या इमारती तिथून हटवल्या, तेव्हा कुठे आजचं दृश्य तयार झालं. काय दिसावं हे माणसांनीच ठरवलंय ना? मग नेमकं जेन्किन्सच्या जागेशी येऊनच हात का आखडायचा?

नांगरट:
वाटसरूंना +१. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. त्या लोकांत आपण लिंकनला चटकन धरतो, जेन्किन्स आठवत नाही. कायदा विरोधात असताना पळालेल्यांना वाट दाखवणं म्हणजे सगळं पणाला लावणं होतं. अशा माणसाच्या वाट्याला नुसतं गवत यावं, हे मला पटत नाही.

मात्र भिंती नकोत. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनचं घर १८१२ मध्येच पाडलं गेलं होतं. १९७६ साली त्या जागी घराच्या आकाराची नुसती पोलादी चौकट उभारली. इथे घर होतं हे लांबूनच कळतं, आणि आतलं काही खोटं रचावं लागत नाही.

जुना_वाडा:
फ्रँकलिनचं उदाहरण चांगलंय, पण तिथे जुन्या पायाचे अवशेष आहेत, ते झरोक्यांतून बघायलाही मिळतात. चौकटीलासुद्धा लांबी-रुंदी लागतेच. पाया आणि कागदपत्रं यांतून ती मिळत असेल तर चौकटीला माझा विरोध नाही. अंदाजपंचे नको, एवढंच. आणि पैसा खर्चायचाच तर आधी माणसांवर खर्चा. लिंकनच्या घराची फेरी जेन्किन्सच्या जागेवरून सुरू करा. लिंकनला स्टेशनवर कोणी नेलं हे रेंजरने, म्हणजे फेरी घडवणाऱ्या तिथल्या मार्गदर्शकाने, तिथे उभं राहून सांगितलं की ऐकणारा विसरणार नाही.

वाटसरू:
फेरी तिथून सुरू करा, हे शंभर टक्के मान्य. पण फेरी न घेता नुसता रस्त्यावरून फिरून जाणारेही असतात. त्यांना सांगायला रेंजर नसतो, त्यांना दिसतात फक्त घरं. त्यांच्यासाठी चौकट हवीच. मापं पक्की करायला वेळ लागला तरी चालेल, पण तोवर त्या घराच्या जागेची हद्द तरी जमिनीवर ठळक आखून ठेवा.