ब्युटाइल ब्रोमाइड नारिंगी येतंय, आणि थर ओळखताना चूक झाली

नंदेसरी_रात्रपाळी:
नमस्कार. बडोद्याजवळ नंदेसरीत एका लहान युनिटमध्ये प्रॉडक्शनला आहे. ब्युटेनॉल, सोडियम ब्रोमाइड आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडपासून एन-ब्युटाइल ब्रोमाइड करतो. सलग तीन बॅच नारिंगी आल्या, जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफी, शुद्धतेची तपासणी) ब्युटेनॉल आणि डायब्युटाइल ईथरही दिसतंय. त्यात परवा आमच्या नव्या मुलाने सल्फ्युरिकच्या धुण्यात, पाण्याच्या धुण्यासारखाच, खालचा थर माल समजून ठेवला आणि वरचा ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे) सोडला. सगळा माल गेला. त्याला मीच नीट शिकवलं नव्हतं, हे मनाला लागून राहिलंय. आता मालक म्हणतात, सोडियम ब्रोमाइड सोडून थेट ब्रोमीनवर जाऊ. जावं का?

दांडियाबाजारचे_काका:
अरे, नारिंगी रंग म्हणजे सुटं ब्रोमीन. तीव्र सल्फ्युरिक हायड्रोब्रोमिक आम्लाचं ऑक्सिडेशन करतं. अ‍ॅसिड भराभर सोडलं आणि केटल (अभिक्रियेचं भांडं) तापली, की रंग येणारच. आधी सोडियम ब्रोमाइड पाण्यात घे, जॅकेटला गार पाणी चालू ठेव, मग अ‍ॅसिड बारीक धारेने सोड. आलेला रंग पातळ बायसल्फाइटने जाईल. ब्युटेनॉल आणि ईथर दोन्ही थंड तीव्र सल्फ्युरिकमध्ये उतरतात, म्हणून ते धुणं टाळू नकोस. माल 101-102 अंशांना उकळतो, ब्युटेनॉल 118 च्या आसपास; नुसत्या डिस्टिलेशनवर विसंबू नकोस.

थरांचं म्हणशील तर मालाची घनता 1.27, तीव्र सल्फ्युरिकची 1.84. पाण्यात माल खाली, अ‍ॅसिडमध्ये वर. मी दर पाळीला टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेऊन त्यात थराचा एक थेंब सोडायचो. तळाशी गोळी होऊन बसला तर माल, विरघळला तर अ‍ॅसिड. चष्मा आणि हातमोजे घालूनच. त्या मुलाला हे स्वतःच्या हाताने करू दे.

ब्रोमीन_प्लांट:
थेट ब्रोमीनची पद्धत म्हणजे ब्रोमीन, पाणी आणि सल्फर डायऑक्साइड: 160 किलो ब्रोमीनला 64 किलो वायू आणि 36 किलो पाणी, त्यातून 162 किलो हायड्रोजन ब्रोमाइड आणि 98 किलो सल्फ्युरिक. तेच सल्फ्युरिक पुढे अल्कोहोलच्या अभिक्रियेत कामी येतं आणि सोडियम सल्फेटचा ढीग उरत नाही. मोठ्या प्रमाणावर हेच परवडतं. पण ब्रोमीन 59 अंशांना उकळतं, त्याची वाफ फुफ्फुसं जाळते. ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर असलेला) रिअ‍ॅक्टर, वाफ धुऊन काढणारा कॉस्टिकचा स्क्रबर आणि सांडलेलं ब्रोमीन मारायला हाताशी थायोसल्फेट, एवढं नसेल तर मालकांना स्पष्ट नाही म्हणा.

नंदेसरी_रात्रपाळी:
आमचा स्क्रबर जुना आहे, आज मालकांना तेच सांगितलं. काका, ट्यूबचा स्टँड केटलशेजारी लावलाय. पहिला थेंब त्या मुलानेच सोडला.